नवे ठिपके आणले कुठून?

दोस्तांनो, स्नेहसंमेलनाच्या पोस्टरसाठी फोटो मोठा करायचाय. संगणकावर रुंदी ४०० होती तिथे ८०० लिहिलं, की काम फत्ते! पण जरा थांबा. रुंदी आणि उंची दोन्ही दुप्पट केल्या, म्हणजे ठिपके चौपट झाले. जुन्या एका ठिपक्यामागे तीन नवे. ते आले कुठून?

ते संगणकाने अंदाजाने भरले. अंदाज कसा करायचा, ते मात्र तो तुम्हाला विचारतो. 'गिंप' या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्यासाठी एक यादी असते: नन, लिनिअर, क्युबिक, नोहेलो, लोहेलो. नावं वाचून मोठ्यांनाही काही कळत नाही, बरं का!

गणिताची चौकटींची वही घ्या. रंगाचा आकडा ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. एका ओळीत चार ठिपके मांडा: ४०, ४०, २००, २००. आता त्यांचे आठ करू या.

'नन' म्हणजे 'काही नाही'. पण म्हणून फोटो तसाच राहतो असं नाही हं! जवळच्या ठिपक्याची सरळ नक्कल होते: चार वेळा ४०, चार वेळा २००. कडा करकरीत राहते. फोटोशॉपमध्ये यालाच 'निअरेस्ट नेबर', म्हणजे सगळ्यात जवळचा शेजारी म्हणतात आणि पुढे 'टणक कडा' अशा अर्थाची टीपही असते. मला हे नाव कितीतरी शहाणपणाचं वाटतं.

'लिनिअर' मधला सुवर्णमध्य काढतो: ४०, ४०, ४०, ८०, १६०, २००, २००, २००. कडेला उतार आला, चित्र मऊ झालं, थोडं पुसटही. पूर्ण चित्रात तो आजूबाजूचे चार ठिपके पाहतो.

'क्युबिक' सोळा ठिपके पाहतो. कडेच्या अलीकडे तो ४०पेक्षा किंचित खाली जातो, पलीकडे २००च्या किंचित वर. त्यामुळे कडा उठून दिसते. पण कधीकधी आकाशासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्याभोवती उजळ रेघ उमटते, देवांच्या चित्रांत प्रभावळ असते ना, तशी! तीच 'हेलो'. आता 'नोहेलो' म्हणजे काय आणि 'लोहेलो' म्हणजे काय, ते तुम्हीच सांगा.

तर फोटोला क्युबिक घ्या, प्रभावळ दिसली तर नोहेलो. चौकटी-चौकटींचं व्हिडिओ गेमचं चित्र, भरतकामाचा नमुना किंवा क्यूआर कोड असेल तर नन. मात्र दुप्पट, तिप्पट असं पूर्ण पटीतच वाढवा. अडीचपट केलंत तर काही चौकटी जाड, काही बारीक होतील. चित्र लहान करताना नन नको. तो मधले ठिपके सरळ गाळतो आणि नकाशातली रेल्वेची बारीक रेघ तुटक होते.

आता घरातल्या मोठ्यांसाठी. पणजोबांच्या एवढ्याशा फोटोत जे दिसत नाही, ते यांपैकी कुणालाच ठाऊक नसतं. हल्लीचे एआयवाले प्रोग्रॅम डोळे, दात, पापण्या झकास काढून देतात. पण इतर हजारो चेहरे पाहून केलेला तो अंदाज असतो. त्या पापण्या पणजोबांच्याच असतील असं नाही!

म्हणून मूळ फाइलला हात लावू नका. मोठी केलेली प्रत 'सेव्ह अॅज'ने वेगळी ठेवा, आणि नावातच लिहा: 'पणजोबा-मूळ', 'पणजोबा-८००-क्युबिक', 'पणजोबा-एआय'. नाहीतर पुढच्या वर्षी कुणीतरी मोठ्या केलेल्या फोटोलाच मूळ समजून आणखी मोठा करायला घेईल.