तापलेल्या प्लगचा हिशेब

डिसेंबर लागला की कपाटातले स्वेटर बाहेर निघतात आणि न्हाणीघरात गीझर सुरू होतो. अशाच एका घरी नवा गीझर आला. न्हाणीघराजवळ मोठ्या पिनांचा पॉवर पॉइंट नव्हता, म्हणून मोठा प्लग छोट्या सॉकेटमध्ये बसवणारा ॲडॉप्टर आणून काम भागवण्यात आले. पंधरा दिवस सारे सुरळीत चालले. एके सकाळी गृहिणीने प्लग काढायला हात लावला, तर चटकाच बसला.

"अहो, प्लग केवढा तापलाय! जळल्यासारखा वासही येतोय."

"अगं, पाणी तापवणारी वस्तू ती, थोडी गरम होणारच," वर्तमानपत्रातून डोके वर न काढता उत्तर आले.

तिचे समाधान झाले नाही. तिने गीझर बंद केला आणि वायरमनला बोलावले. त्याने सॉकेट उघडून दाखवले. आतली पट्टी काळी पडली होती, प्लॅस्टिक वितळू लागले होते. "वहिनी, गीझरचा काही दोष नाही. लोड जास्त आणि पॉइंट लहान, त्यात कनेक्शन लूज. वेळेवर बोलावलंत," तो म्हणाला.

वायरमनने जे एका नजरेत ओळखले, ते शाळेत शिकलेल्या साध्या भागाकाराने कोणत्याही गृहिणीला आधीच कळू शकते.

तीन शब्दांची ओळख

टाकीतले पाणी ज्या जोराने नळाकडे ढकलले जाते, तसा विजेचा दाब म्हणजे व्होल्ट. आपल्या घरात तो साधारण २३० व्होल्ट असतो. नळातून जितके पाणी वाहते, तसा विजेचा प्रवाह म्हणजे अँपिअर. आणि वाहणाऱ्या विजेला तारेचा किंवा उपकरणाचा जो अडथळा होतो, तो रोध. पेशाने शिक्षक असलेल्या जर्मनीच्या गेओर्ग ओम यांनी १८२७ साली या तिघांचे नाते मांडले, म्हणून रोध मोजण्याच्या एककाला त्यांचेच नाव मिळाले.

नाते सोपे आहे. व्होल्टला अँपिअरने भागले की रोध मिळतो. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार केला की वॉट, म्हणजे उपकरणाची शक्ती मिळते.

आता गीझर घ्या. त्याच्या पट्टीवर २००० वॉट लिहिलेले असते. २००० ला २३० ने भागा. प्रवाह आला सुमारे ८.७ अँपिअर. छोटे सॉकेट असते ६ अँपिअरचे. म्हणजे ६ गुणिले २३०, फक्त १३८० वॉट इतकाच भार त्याने पेलावा अशी अपेक्षा असते. मोठा पॉवर पॉइंट १६ अँपिअरचा, तो ३६८० वॉटपर्यंत चालतो. ॲडॉप्टरने पिनांचा आकार जुळतो, सॉकेटची ताकद वाढत नाही.

प्लगच का तापला?

गीझरचा रोध २३० भागिले ८.७, म्हणजे सुमारे २६ ओम. तिथे उष्णता निर्माण व्हायलाच हवी. पण सैल पिनेपाशीही थोडा रोध तयार होतो. तो अवघा अर्धा ओम धरला तरी उष्णता किती? प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध: ८.७ गुणिले ८.७ गुणिले ०.५, म्हणजे सुमारे ३८ वॉट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाग देण्याची इस्त्री साधारण एवढ्याच वॉटची असते आणि ती शिसे-कथिलाची तार वितळवते!

त्याच सैल सॉकेटवर ६० वॉटचा बल्ब लावला तर प्रवाह पाव अँपिअरच्या आसपास, आणि पिनेपाशी उष्णता एक वॉटही नाही. म्हणूनच "इतकी वर्षे याच सॉकेटवर दिवा चालला, काही झालं नाही" हा युक्तिवाद फसवा आहे.

"फ्यूज गेला असता की!" असेही काहींना वाटेल. पण सैल जोडणीने प्रवाह वाढत नाही, तो ८.७ अँपिअरच राहतो. १६ अँपिअरच्या फ्यूजला किंवा एमसीबीला त्यात वावगे काहीच दिसत नाही. इथे खरा पहारेकरी म्हणजे आपले नाक आणि हात.

दाब कमी झाला तर?

संध्याकाळी व्होल्टेज १८० वर उतरले, तर २००० वॉटचा गीझर १२२५ वॉटच्याच आसपास शक्ती देतो. पाणी तापायला वेळ लागतो. गीझर बिघडला असे समजून दुरुस्तीला पैसे घालवू नका.

हे गणित गीझर, इस्त्री, हीटर अशा तापणाऱ्या वस्तूंना नीट लागू पडते. फ्रिज, पंप अशा मोटर असलेल्या वस्तू सुरू होताना कित्येक पट जास्त प्रवाह घेतात, म्हणून त्यांच्यासाठी जास्त वाव ठेवा.

एवढे लक्षात ठेवा

• नवीन वस्तू लावण्यापूर्वी तिचे वॉट वाचा आणि २३० ने भागा.

• एकाच एक्स्टेंशन बोर्डवरच्या सर्व वस्तूंच्या वॉटची बेरीज करा. ७५० चा टोस्टर आणि १५०० ची किटली मिळून जवळजवळ १० अँपिअर होतात.

• गीझरला अर्थिंग असलेला, १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि जाड तार जाणकार वायरमनकडूनच करून घ्या.

• ओल्या हाताने प्लगला स्पर्श करू नका. ओल्या त्वचेचा रोध फार कमी होतो आणि शरीरातून धोकादायक प्रवाह जातो.

• प्लग गरम लागला, ठिणगी दिसली किंवा वास आला तर आधी मेन स्विच बंद करा.

त्या घरी आता न्हाणीघराबाहेर मोठा पॉइंट बसला आहे. ॲडॉप्टर मात्र केराच्या टोपलीत गेला.