अल्काट्राझची पहाट

अमेरिकेहून परत आल्यावर आमच्या महिला मंडळात पहिला प्रश्न आला, "काय काय आणलंत?" आणि दुसरा, "काय काय पाहिलंत?" गोल्डन गेट पूल, मोठमोठे मॉल, बहिणीचं डिशवॉशर, सगळं सांगून झालं. पण एका पहाटेबद्दल मात्र त्या गप्पांत मला नीट सांगताच आलं नाही. म्हणून लिहायला बसले.

माझी धाकटी बहीण सॅन फ्रान्सिस्कोजवळ फ्रीमाँटला राहते. २०२४ च्या नोव्हेंबरात आम्ही दोघं तिच्याकडे होतो. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे तिकडे थँक्सगिव्हिंग. आपल्या दिवाळीसारखी घरोघरी माणसं जमतात, आणि दुसऱ्या दिवशी दुकानांत सेल. बहिणीची सेलची यादी तयार होती. पण अकरा वर्षांच्या भाच्यानं शाळेतून वेगळंच काढलं. "मावशी, त्या दिवशी पहाटे अल्काट्राझ बेटावर नेटिव्ह लोक सूर्योदयाची प्रार्थना करतात. कोणीही जाऊ शकतं. आपण सगळे जाऊ या ना!"

सगळे म्हणजे पहाटे तीनला उठून. मेहुण्यांनी कपाळाला हात लावला. आमच्या घरातल्यांनी थंडीचं कारण पुढे केलं. शेवटी मीच म्हटलं, काकड आरतीला उठतो की आपण, मग यालाच काय झालं? कानटोप्या, स्वेटर, चहाचा थर्मास आणि मेथीचे ठेपले घेऊन सहा माणसं निघालो.

धक्क्यावर ही रांग! बायका, पोरं, म्हातारीकोतारी, ब्लँकेटात गुंडाळलेली बाळं. अंधारातच बोटीत बसलो. अल्काट्राझ म्हणजे पूर्वीचा भयंकर तुरुंग, एवढंच मला सिनेमांमुळे ठाऊक होतं. तो १९६३ साली बंद पडला. पुढे २० नोव्हेंबर १९६९ ला तिथल्या मूळनिवाशांच्या, म्हणजे आपण शाळेत ज्यांना रेड इंडियन म्हणून शिकलो त्यांच्या, ८९ जणांच्या जथ्यानं हे बेट ताब्यात घेतलं. विद्यार्थी होते, बायका होत्या, मुलंही होती. बेटाची किंमत म्हणून त्यांनी सरकारला काचेचे मणी आणि लाल कापड देऊ केलं, किंमत २४ डॉलर! गोऱ्यांनी मॅनहॅटन बेट तेवढ्यालाच घेतल्याचं सांगतात ना, त्याची ही परतफेड. मला तर हसूच आलं वाचून. जून १९७१ पर्यंत, १९ महिने ते तिथे टिकले. पाणी, वीज तोडली तरी त्यांनी मुलांसाठी शाळा चालवली, दवाखाना चालवला. १९७५ पासून दर वर्षी त्याची आठवण म्हणून ही पहाटेची प्रार्थना होते.

त्या वेळी विल्मा मॅनकिलर नावाची एक तरुण गृहिणी, दोन मुलींची आई, त्या भागात राहायची. तिची भावंडं बेटावर होती आणि ती किनाऱ्यावरून मदत गोळा करायची. हीच बाई १९८५ साली चेरोकी जमातीची पहिली स्त्री प्रमुख झाली. २०२२ मध्ये तिचं चित्र अमेरिकेच्या नाण्यावर आलं. मुलींचे डबे करता करता वर्गणी मागत फिरणाऱ्या आपल्यासारख्यांना हे ऐकून बरं वाटतं, खरं सांगायचं तर!

बेटावर मधोमध अग्नी पेटवलेला होता. भोवती हजारो माणसं गोल करून उभी. सेज नावाच्या वनस्पतीचा धूर, आपल्या धुपासारखा पण जरा कडवट. ढोल सुरू झाला तसा भाचा गप्प झाला, एरवी त्याची बडबड थांबत नाही. प्रार्थना चालू असताना फोटो काढू नका, असं सांगितलं होतं. तरी आमच्या यजमानांचा हात खिशाकडे गेलाच. शेजारच्या एका आजीनं नुसतं पाहिलं त्यांच्याकडे. मोबाइल परत खिशात! देवळाच्या गाभाऱ्यात आपण फोटो काढत नाही, तर इथे का काढावा?

मग एकेक जण बोलू लागले. त्यात मी ऐकलं ते माझ्या मनातून जात नाही. १८९५ साली ॲरिझोनातल्या होपी जमातीच्या १९ पुरुषांना याच बेटावर कित्येक महिने कोंडून ठेवलं होतं. गुन्हा काय? सरकार सांगेल तशी शेती करायला नकार दिला, आणि पोरांना सरकारी निवासी शाळेत धाडायला नकार दिला. त्या शाळांत पोरांचे केस कापायचे, नावं बदलायची, घरची भाषा बोललं की शिक्षा. अमेरिकी सरकारच्याच २०२४ च्या अहवालात अशा शाळांत किमान ९७३ मुलं दगावल्याची नोंद आहे. आम्ही गेलो त्याच्या महिनाभर आधी, २५ ऑक्टोबरला, तिथल्या अध्यक्षांनी याबद्दल माफी मागितली होती.

पोरांना शाळेत न पाठवणारे आईबाप! मैत्रिणींनो, असल्या आईबापांशी भांडण्यात माझी पंधरा वर्षं गेली आहेत. आमच्या तालुक्यातल्या कातकरी वाड्यांवर दर जूनमध्ये मी जाते, आश्रमशाळेत मुलं घालायला लावते. वीटभट्टीवर जाणारं पोर शाळेत बसलं की मला वाटायचं, जिंकलो. एकदा एक बाई म्हणाली होती, "ताई, पोर तिकडं गेलं का आमचं ऱ्हात नाय." मी हसून म्हटलं होतं, "अगं, साहेब होईल तुझा मुलगा." ती पुढे काही बोलली नाही. त्या पहाटे, थंडीत उभ्या उभ्या, मला तिचा चेहरा आठवला.

अमेरिकेतला तो जुलूम आणि आपल्या आश्रमशाळा एकाच मापानं मोजता येणार नाहीत, हे मला कळतं. आपल्याकडे कोणी आईबापांना तुरुंगात घातलं नाही, आणि शाळा नसती तर ती पोरं भट्टीवरच राहिली असती. शाळा हवीच, यावर मी आजही ठाम आहे. पण सहा वर्षांचं लेकरू जिथे राहायला जातं तिथे त्याची बोली बोलणारं एकही माणूस नाही, हे मला इतक्या वर्षांत खटकलं कसं नाही?

पूर्वेच्या डोंगरांमागून सूर्य वर आला. लोकांनी हात उंचावले. आम्हीही आपसूक हात जोडले. पाण्याच्या टाकीवर लाल अक्षरांत तेव्हाच्या आंदोलकांनी लिहिलेलं स्वागत दिसू लागलं. ते मुद्दाम पुन्हा रंगवून जपलंय म्हणे.

एवढ्या लहान मुलांना असलं दुःखाचं कशाला दाखवायचं, असं बहिणीच्या मैत्रिणी नंतर म्हणाल्या. मला नाही पटत. बहिणीच्या गावातल्या एका मोठ्या कॉलेजचं नाव ओलोनी. दहा वर्षं ती तिथून गाडीनं जातेय. ओलोनी म्हणजे ती राहते त्या जमिनीवरची मूळ माणसं, हे तिला परतीच्या बोटीत मुलानं सांगितलं. परक्या देशात घर केलं, मुलं तिथली झाली, तर आधी तिथे कोण राहत होतं, हे घरात कळायला नको? आणि ते पुस्तकातून कळण्यापेक्षा आईबापांचा हात धरून कळलेलं बरं. संध्याकाळी जेवणं झालीच, दुसऱ्या दिवशी सेललाही गेलो. मी काही संत नाही, दोन पर्स आणल्यात!

यंदा जूनमध्ये वाडीवर गेले तेव्हा त्याच बाईच्या नातीचं नाव घालायचं होतं. आश्रमशाळेत जाऊन मी विचारलं, "पहिलीच्या वर्गात कातकरी बोलणारी एखादी बाई बसू द्याल का?" उत्तर आलं, "ताई, तशी पोस्ट नाही." मग म्हटलं, पोस्ट नको, नुसतं बसू द्या. बरीच ये-जा झाल्यावर आठवड्यातून दोन दिवसांची परवानगी मिळाली. आता ती आजीच जाते, मंगळवारी आणि शुक्रवारी. तिचं एसटीचं भाडं मंडळानं कुठल्या खात्यातून द्यायचं, यावर आमच्या बैठकीत अजून वाद चालू आहे.