गुडघाभर पाण्यातील विद्या

फ्लोरिडाच्या मुख्य भूमीचे दक्षिण टोक आणि तेथून नैर्ऋत्येकडे वळत गेलेली 'कीज' नावाची बेटांची रांग यांच्या दरम्यान जो फ्लोरिडा बे हा उपसागर पसरला आहे, त्याची सरासरी खोली जेमतेम एक मीटर भरते. आणि तळाचा फिका चिखल, त्यावर 'टर्टल ग्रास' या सागरी गवताची विस्तीर्ण कुरणे, मधूनमधून खारफुटीची ठेंगणी बेटे, असे त्याचे रूप पाहिल्यावर येथे समुद्र संपला कोठे आणि जमीन सुरू झाली कोठे, हे नवख्याला उमजत नाही. या पाण्यात गरवायचे तर सोबत गाइड हवा. कीजपैकी इस्लामोराडा या गावी हा रिवाज फार जुना आहे. बॉनी स्मिथ, फ्रँकी ऑलब्राइट आणि ब्यूला कास या तिघी सख्ख्या बहिणींनी, हा धंदा केवळ पुरुषांचा मानला जात असताना, तेथे गाइड म्हणून लौकिक मिळविला. अमेरिकेचे माजी अध्यक्ष हर्बर्ट हूवर या बेटांवर बोनफिश नावाच्या माशासाठी येत आणि बेसबॉलपटू टेड विल्यम्स याने तर इस्लामोराडात घरच केले.

मी गेलो त्या दिवशी आमच्या गाइडाने कुरणाच्या हद्दीवर इंजिन बंद केले, ते वर उचलून घेतले, आणि त्याच्या माथ्यावर उभारलेल्या लहानशा मंचावर चढून सुमारे वीस फुटांची काठी हाती घेतली. हा मंच रूढ करण्याचे श्रेय बिस्केन बे या उपसागरातील गाइड बिल कर्टिस यांना दिले जाते. कोकणच्या खाडीत काठीने होडी लोटणारा तांडेल ज्या सहजतेने तळ चाचपतो, त्याच सहजतेने हा गृहस्थ पाण्याचा आवाजही होऊ न देता होडी पुढे नेत होता. परंतु त्याचे चित्त काठीत नव्हते. ते डोळ्यांत होते. बोनफिशचे रुपेरी खवले आरशासारखे तळाचाच रंग परत देतात, त्यामुळे उजळ दिवशी मासा दिसत नाही, त्याची सावली दिसते. कधी पाण्याच्या पृष्ठभागावर वाऱ्याच्या दिशेशी न जुळणारी थरथर उठते. कधी खेकडे आणि कोळंबी उकरण्यासाठी तोंड खाली घालणाऱ्या माशाचे शेपूट पाण्याबाहेर चमकते. आणि यांपैकी काहीही दृष्टीस पडताच, होडीची नाळ म्हणजे बारा वाजल्याचा काटा असे गृहीत धरून, 'अकरा वाजता, पन्नास फूट' एवढाच हुकूम मंचावरून सुटतो.

भरतीबरोबर मासा कुरणावर चढतो आणि सुकतीला खोल पाण्याकडे परततो, एवढे ज्ञान पुस्तकातून मिळेल. परंतु या उपसागराच्या अंतर्भागात चिखलाचे नैसर्गिक बांध भरतीला अडवून धरतात, म्हणून तेथे चंद्रापेक्षा वाऱ्याचा अंमल अधिक चालतो, आणि कालच्या वाऱ्याने कोणत्या बांधावर आज किती पाणी ठेवले असेल याचा अदमास वर्षानुवर्षे तेच पाणी पाहिलेल्या माणसालाच बांधता येतो. ही मी खरी विद्वत्ता समजतो.

दुपारपूर्वी माझ्या गळाला एक बोनफिश लागला. त्याने एका दमात एवढी दोरी ओढून नेली की रिळाचा आवाज थांबेपर्यंत आम्ही दोघेही बोललो नाही. गाइडाने हात ओले करून, माशाला पाण्याबाहेर न काढता गळ सोडविला आणि जवळपास शार्क नाही याची खात्री होईपर्यंत त्याला दोन्ही हातांत धरून ठेवले. 2013 पासून फ्लोरिडात बोनफिश ठेवून घेण्यास कायद्याने मनाई आहे. ज्याची उपजीविका मेलेल्या माशावर नव्हे, तर जिवंत माशावर चालते, असा कोळी मी येथे प्रथम पाहिला, आणि त्याच्याविषयी मला नितांत आदर वाटला.

परंतु मासा सोडून दिल्याने मासा वाचतोच असे नाही. त्याचे कुरण वाचावे लागते. 1987 साली या उपसागरातील गवत हजारो एकरांवर मेले, आणि 2015 साली पुन्हा तोच प्रकार घडला. एव्हरग्लेड्सच्या दलदलीतून दक्षिणेकडे वाहणारे गोडे पाणी कालव्यांनी अन्यत्र वळविले गेले, 1928 मध्ये पुरा झालेला टॅमियामी ट्रेल हा रस्ता त्या प्रवाहाला बांधासारखा आडवा पडला. मग अवर्षणात उपसागराची क्षारता वाढते, तापलेल्या पाण्यातील प्राणवायू घटतो आणि गवत गुदमरते. पाणी गढूळ झाले, कोळंबी कमी झाली, सावल्या विरळ झाल्या, हे रोज त्याच जागी काठी टेकणाऱ्या माणसाच्या ध्यानी लवकर येते. म्हणूनच 2016 साली दोन गाइडांनी 'कॅप्टन्स फॉर क्लीन वॉटर' ही संस्था काढली आणि हा वर्ग सरकारदरबारी जबानी देऊ लागला, यात मला नवल वाटत नाही. 2013 मध्ये त्या रस्त्याचा एक मैल पुलावर उचलला गेला, नंतर आणखी पूल झाले, परंतु पुलाखाली पाणी सोडावयाचे किती आणि केव्हा, हा प्रश्न शेती, शहरे आणि उपसागर यांच्या दाव्यांत अद्याप अडकलेला आहे.

तो निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांनी नकाशे उलगडण्यापूर्वी एक संपूर्ण दिवस गाइडाच्या होडीत, नाळेवर उभे राहून काढावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. आणि तोही मार्च-एप्रिलच्या कोरड्या दिवसांत, जेव्हा या उपसागराला गोड्या पाण्याची निकड सर्वाधिक असते.