क्षयाचे जंतू आणि आठवीचा वर्ग

चेन्नईच्या चेटपेट भागात १९५६ साली क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, तत्कालीन मद्रास राज्याचे सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांचा तो संयुक्त उपक्रम होता. शहरातील गरीब थरांतून आलेल्या १९३ रुग्णांचे तेथे दोन गट करण्यात आले. एका गटास सॅनेटोरियममध्ये ठेवण्यात आले. दुसऱ्यास त्याच्या दाटीवाटीच्या घरीच वर्षभर तीच औषधे देण्यात आली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा घरी राहिलेले रुग्ण जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाल्याचे दिसून आले. क्षय झाला म्हणजे कामधंदा आणि कुटुंब सोडून दूरच्या रुग्णालयात खाट मिळण्याची वाट पाहत बसायचे, ही श्रमिकांवरील सक्ती त्या प्रयोगाने निकालात काढली.

याच केंद्राचा दुसरा प्रयोग त्या मानाने दुर्लक्षित राहिला. काही रुग्णांस आयसोनियाझिड हे एकच औषध आणि इतरांस त्याच्या जोडीला पीएएस हे दुसरे औषध देऊन तुलना करण्यात आली. एकाच औषधावर असलेल्यांत अपयश अधिक आले, आणि अपयशी ठरलेल्या बहुतेकांच्या थुंकीतील जंतू आता त्या औषधाला दाद देत नव्हते. असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राच्या जाड ग्रंथांत शोधण्याचे कारण नाही. ते आठवीच्या वर्गात देता येते. आपल्या शाळांत मात्र ते दिले जात नाही.

अनुकूलन हा विषय आपल्या पाठ्यपुस्तकांस अपरिचित आहे असे नव्हे. महाराष्ट्रात २०१७ साली आलेल्या सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकातील पहिलाच पाठ त्यावर आहे. केंद्रीय अभ्यासक्रमाच्या सहावीच्या नव्या पुस्तकात राजस्थानचा एका मदारीचा आणि लडाखचा दोन मदारींचा असे दोन्ही उंट भेटतात. उंटाचे पाय वाळूसाठी, बदकाचे पाय पोहण्यासाठी, निवडुंगाचे काटे पाणी वाचवण्यासाठी! परीक्षेत मुले जोड्या जुळवतात आणि गुण मिळवतात. पण त्या जोड्यांतून त्यांच्या मनावर ठसते ते एवढेच की, प्रत्येक प्राण्यास त्याच्या गरजेप्रमाणे कोणीतरी घडवून ठेवले आहे, किंवा गरज पडली म्हणून तो आपणहून तसा बदलला. दोन्ही कल्पना चुकीच्या आहेत. एकाच जातीच्या जीवांत आरंभापासूनच आनुवंशिक भेद असतात आणि परिस्थिती त्यांतील काहींना तारते, काहींना मारते, हा मधला दुवा गाळला की अनुकूलनाचा पाठ विज्ञानाचा राहत नाही. तो कीर्तनातील दृष्टांत होतो.

क्षयाच्या जंतूंकडे या दृष्टीने पाहावे. रुग्णाच्या फुप्फुसातील एका पोकळीत दहा कोटींच्या आसपास जंतू असू शकतात. जंतू दुभंगत असताना त्याच्या आनुवंशिक द्रव्याची नक्कल होते आणि नकलेत क्वचित चूक राहून जाते. अशा चुकांमुळे सुमारे दहा लाखांत एक जंतू आयसोनियाझिडला न जुमानणारा निघतो. म्हणजे रुग्णाने पहिली गोळी घेण्यापूर्वीच त्या पोकळीत शंभरएक बंडखोर हजर असतात! औषध त्यांना निर्माण करीत नाही. ते बाकीच्यांस मारून त्यांच्यासाठी रान मोकळे करते, आणि काही महिन्यांत सारी वस्ती त्यांच्याच वंशजांची होते. आता दुसरे औषध जोडावे. रिफाम्पिसिनला दाद न देणारा जंतू सुमारे दहा कोटींत एक असतो. दोन्ही औषधांतून निसटणारा जंतू त्यामुळे एक कोटी गुणिले एक कोटी इतक्यांत एखादा. तेवढे जंतू कोणाच्याच फुप्फुसात नसतात. दोन-तीन औषधे एकत्र का द्यायची आणि खोकला थांबला तरी गोळ्या का सोडायच्या नाहीत, याचे मर्म या गुणाकारात आहे. तो करण्यास आठवीचे गणित पुरते.

भेद आधी आणि निवड नंतर, हा केवळ तर्क नव्हे. १९५२ साली अमेरिकेत जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांनी तो प्रयोगाने सिद्ध केला. एका बशीत वाढलेल्या जंतूंच्या वसाहतींवर त्यांनी मखमलीचा तुकडा दाबला आणि तोच तुकडा औषध घातलेल्या बशीवर टेकवला. नव्या बशीत ज्या जागी वसाहती जगल्या, त्याच जागेवरील मूळ बशीतील जंतू, औषधाचा स्पर्शही झालेला नसताना, ते औषध पचवणारे निघाले. चेन्नईच्या महापालिका शाळेत प्रयोगशाळा नसली तरी अडत नाही. पल्लांकुळीच्या खेळातील चिंचोके तमिळ घरांत असतातच. दोन-तीनशे चिंचोक्यांत चार-पाचांवर खडूची खूण करावी. ‘औषध’ आले की खूण नसलेल्यांपैकी बहुतेक उचलून टाकावेत, उरलेल्या प्रत्येकामागे त्याच्यासारखाच एक नवा ठेवावा, आणि पाच-सहा फेऱ्यांनंतर काय उरते ते मुलांनी स्वतः मोजावे. डीएनए हा शब्दही न उच्चारता हा तास पुरा होतो. तेव्हा मुले लहान आहेत, त्यांना हे झेपणार नाही, ही सबब टिकत नाही.

शासनकर्त्यांची वाटचाल मात्र उलट दिशेने झाली. जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबाद येथे डार्विनचा सिद्धांत अशास्त्रीय असल्याचे जाहीर केले. पुढे करोनाकाळातील ओझे कमी करण्याच्या नावाखाली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेच्या दहावीच्या पुस्तकातील ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणातून उत्क्रांती वगळण्यात आली. शाळा पूर्ववत भरू लागल्यावरही ती परतली नाही. एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व विज्ञानप्रेमींनी निषेधाच्या आवाहनावर सह्या केल्या. बारावीच्या जीवशास्त्रात हा भाग आहे, असे उत्तर मिळाले. पण बारावीला जीवशास्त्र घेतो कोण? गवंड्याचा, कोळ्याचा, यंत्रमाग कामगाराचा मुलगा तेथवर पोहोचण्याआधीच कामाला जुंपला जातो. महाराष्ट्र आणि तमिळनाडूच्या राज्य मंडळांनी दहावीत उत्क्रांतीचा पाठ ठेवला, हे त्यांचे श्रेय मान्य केले पाहिजे. आठवीनंतर शाळा सुटलेल्या मुलाला मात्र त्याचाही उपयोग नाही.

जीव गरजेनुसार बदलतो आणि तो बदल पुढच्या पिढीत उतरतो, या समजुतीची किंमत केवळ धर्ममार्तंडांच्या देशांनीच मोजली असेही नाही. सोव्हिएत संघात लिसेंकोने तिलाच पुरोगामी विज्ञान म्हणून मिरवले. जगभरच्या पिकांच्या बियाण्यांतील भेद जमवणारे वाविलोव जानेवारी १९४३ मध्ये सारातोवच्या तुरुंगात मरण पावले आणि १९४८ साली आनुवंशिकीच्या अध्यापनावरच गदा आली. ‘डेली वर्कर’मधून ब्रिटिश कामगारांस विज्ञान समजावून सांगणारे हॉल्डेन यांचा पक्षाशी दुरावा झाला तो मुख्यतः याच प्रश्नावरून. कम्युनिस्टांनी हा इतिहास शाळकरी मुलांपासून लपवू नये.

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश भारतात आहेत. तपासलेल्या कोणत्याही औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाचे रुग्ण मुंबईत आढळल्याचे डॉ. झरीर उडवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ च्या सुमारास जाहीर केले. अशा वेळी ‘रुग्ण बेफिकीर असतात, गोळ्या सोडतात’ असे म्हणून हात झटकणे सोयीचे असते. पण २०२४ च्या आरंभी अनेक राज्यांत क्षयाच्या औषधांचाच तुटवडा पडला आणि केंद्राने राज्यांना स्थानिक पातळीवर खरेदी करण्यास सांगितले, तेव्हा गोळ्या कोणी सोडल्या होत्या? ज्या मुलाने चिंचोके मोजले आहेत, तो दवाखान्याच्या खिडकीवर ‘साठा नाही’ ही पाटी वाचून निमूटपणे परतणार नाही. आपल्या आईच्या फुप्फुसात त्या आठवड्यात कोणाला रान मोकळे होत आहे, हे त्याला ठाऊक असेल.

चेटपेटचे ते केंद्र आज राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. तेथील १९५६ नंतरच्या प्रयोगांचे आकडे प्रसिद्ध झालेले आहेत, गोपनीय नाहीत. तमिळनाडू व महाराष्ट्रातील शिक्षक संघटनांनी त्यांवरून आठवीसाठी तमिळ आणि मराठीत एकेक पाठ तयार करवून घेण्याची मागणी पुढील अभ्यासक्रम-फेररचनेपूर्वीच लावून धरली पाहिजे.