मूळ ड्राइव्हला कात्री लावू नका !



आपल्या मैसूर विभागात काय आणि हुबळी-बेळगावकडच्या मराठी कामगारांत काय, कॅमेरा आता युनियनच्या कामाचा भाग झाला आहे. गेट मीटिंग असो, निदर्शने असोत वा गळक्या क्वार्टर्स असोत, आमचे तरुण कार्यकर्ते चित्रण करतात. हे चांगलेच आहे. पूर्वी मेमो लिहावा लागे आणि तो 'मिळालाच नाही' असे साहेब सांगत. चित्राला तसे म्हणता येत नाही.

परंतु या कामात एक घातक सवय शिरली आहे. नव्या कॅमेऱ्यांना आणि काही मोबाईललाही बाहेरून सॉलिड स्टेट ड्राइव्ह जोडता येतो आणि चित्रण थेट त्यावर उतरते. मग तोच ड्राइव्ह काढायचा, संगणकाला लावायचा, त्याच्यावरच एडिटिंग उरकायचे, दोन मिनिटांची फिल्म सगळ्यांच्या मोबाईलवर धाडायची आणि उद्याच्या कार्यक्रमासाठी ड्राइव्ह पुसून मोकळा करायचा ! 'कॉपी करण्यात वेळ कशाला घालवायचा ?' असे वर विचारले जाते. या सवयीला आमचा स्पष्ट विरोध आहे. तो का, ते येथे मांडतो.

एडिटिंग केल्याने मूळ चित्रण बदलत नाही, असा युक्तिवाद केला जातो. तो अर्धा खरा आहे. एडिटिंगचा प्रोग्राम मूळ फाइल कापत नाही. कुठून कुठपर्यंत दाखवायचे एवढीच नोंद ठेवतो. सॉलिड स्टेट ड्राइव्ह इतका वेगवान असतो की त्यावरून थेट काम करणे तांत्रिकदृष्ट्या सोपे आहे, हेही आम्हाला मान्य आहे. पण धोका कात्रीत नाही, तो एकुलत्या एक प्रतीत आहे. प्रोग्राम त्याच ड्राइव्हवर आपल्या तात्पुरत्या फाइली लिहू शकतो. काम चालू असताना केबल निसटली तर सगळी फाइल-यादीच बिघडू शकते. आणि चुकून एक क्लिप पुसली गेली तर ? जुन्या फिरत्या डिस्कवरून पुसलेला मजकूर पुष्कळदा परत काढता येई. सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये पुसलेली जागा आतून साफ करण्याची व्यवस्था असते. ती चालली की गेलेले ते गेलेच. मेमरी कार्डाला निदान लिहिणे बंद करणारी बारीक खिट्टी असते. या ड्राइव्हना बहुधा तीही नसते.

ही गोष्ट रेल्वे आणि टपाल कामगाराला समजावून सांगावी लागू नये. अपघात झाला की पहिल्याप्रथम काय ताब्यात घेतात ? स्टेशनचे ट्रेन रजिस्टर, प्रायव्हेट नंबरची नोंद, डेटालॉगर, इंजिनाचा स्पीड रेकॉर्डर. त्यात कोणी खाडाखोड केली तर तो वेगळा गुन्हा ठरतो. आर.एम.एस.मधल्या सॉर्टरला विचारा. थैलीचे सील संशयास्पद दिसले तर तो दोरी, लेबल आणि सील जपून ठेवतो, फेकून देत नाही. जी शिस्त आपण सरकारच्या थैलीसाठी आयुष्यभर पाळली, ती स्वतःच्या पुराव्यासाठी का पाळू नये ?

कायदा काय म्हणतो तेही पाहू. उदाहरण आपल्या मराठवाड्यातलेच आहे. २०१४ सालच्या विधानसभा निवडणुकीत जालन्याचा निकाल २९६ मतांनी लागला. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतला गेला की नाही, असा वाद होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणाचा. कोर्टात आल्या त्या त्या चित्रणाच्या व्हीसीडी प्रती. सोबत लागणारे प्रमाणपत्र अधिकारी मागूनही देईनात. हा खोतकर-गोरंट्याल खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, प्रत हजर करायची तर प्रमाणपत्र आवश्यक आहे. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन हजर केले तर त्याची गरज नाही. म्हणजे ज्या ड्राइव्हला आपण पुसायला निघालो, त्याची किंमत देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवली आहे !

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात आता फाइलचा 'हॅश' लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा. चित्रणातला एक क्षण जरी बदलला तरी ठसा बदलतो. चित्रण झाल्याबरोबर हा ठसा नोंदवून ठेवला तर पुढे कोणी 'यात फेरफार आहे' म्हणाले तरी त्याचे तोंड बंद करता येते.

कोणी म्हणेल, खातेचौकशीला साक्षीचा कायदा काटेकोरपणे लागू नसतो. अगदी बरोबर ! म्हणूनच तेथे कामगाराला अधिक सावध राहावे लागते. १७ जून २०२४ रोजी रंगापाणीजवळ मालगाडी कांचनजंगा एक्स्प्रेसवर आदळली. ड्रायव्हर जागीच ठार झाला. त्याच दिवशी रेल्वे बोर्डाच्या अध्यक्षांनी सिग्नल न पाळल्याचे खापर त्याच्यावर फोडले. पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत काय निघाले ? ऑटोमॅटिक सिग्नल सकाळपासून बिघडलेले, हाती दिलेला परवान्याचा कागद चुकीचा आणि कर्मचाऱ्यांना दिलेले प्रशिक्षण अपुरे. मेलेला माणूस आपली बाजू मांडायला येत नाही. त्याची बाजू मांडते ती नोंद, पण ती अखंड असली तरच.

आता हा प्रश्न प्रत्येक इंजिनात येऊन बसणार आहे. ७४,००० डबे आणि १५,००० इंजिनांत कॅमेरे बसवण्याचा निर्णय जुलै २०२५ मध्ये रेल्वेने जाहीर केला. प्रत्येक इंजिनाला ६ कॅमेरे. दोन्ही कॅबमध्ये एकेक कॅमेरा आणि दोन-दोन मायक्रोफोन. उद्या चार्जशीटसोबत वीस सेकंदांची क्लिप जोडली जाईल: ड्रायव्हरची मान खाली आहे, सिग्नल पुकारल्याचा आवाज नाही. त्याआधीची अकरा तासांची ड्यूटी त्या क्लिपमध्ये दिसणार नाही. टपाल कार्यालयातल्या काउंटरवरच्या कॅमेऱ्याचेही तेच. कॅश कमी पडली की कारकुनाचा हात दिसेल, मागे लागलेली रांग आणि बंद पडलेला सर्व्हर दिसणार नाही.

तेव्हा आपण ठणकावून म्हणणार की, 'आम्हाला कापलेली क्लिप नको, पूर्ण मूळ चित्रण दाखवा.' रेल्वेच्या १९६८ च्या शिस्त व अपील नियमांतील नियम ९ आणि टपाल खात्याला लागू असलेल्या १९६५ च्या नियमांतील नियम १४ यांच्याखाली कागदपत्रे पाहण्याचा व बचावासाठी लागणारी मागवण्याचा हक्क आपल्याला आहे. पण साहेबाने उलट विचारले की, 'तुमच्या निदर्शनाचे मूळ चित्रण कुठे आहे ?' आणि 'पुसले' एवढेच उत्तर आपल्याकडे असेल, तर ही मागणी कोणत्या तोंडाने करायची ?

सकलेशपूर ते सुब्रह्मण्य रोड या ५५ किलोमीटरच्या घाटाचा विचार करा. २६ जुलै २०२४ रोजी येडकुमारी ते कडगरवळ्ळी दरम्यान भराव खचला आणि गाड्या बंद पडल्या. अशा ठिकाणी ट्रॅकमनने पावसात घेतलेले चित्रण हे त्याच्या नोकरीचे कवच आहे. ते कोणी दोन मिनिटांच्या फिल्मसाठी संपवू नये.

राहिला वेळेचा व पैशाचा प्रश्न. सेकंदाला ४०० मेगाबाइट वेगाने १०० गिगाबाइटचे चित्रण उतरवायला चार-पाच मिनिटे लागतात, म्हणजे एक चहा होईपर्यंत काम झाले. दुसरा ड्राइव्ह घ्यायला वर्गणीतून पैसे काढावे लागतील, हे खरे. पण एका कामगाराचा एक इन्क्रिमेंट गेला तर त्याचे नुकसान त्याहून मोठे असते.

म्हणून प्रत्येक शाखेने पुढील शिस्त ठरावाने मंजूर करावी :

१. चित्रण संपताच दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर प्रती घ्याव्यात आणि हॅश, तारीख, वेळ, ठिकाण व चित्रण करणाऱ्याचे नाव वहीत लिहावे.

२. एडिटिंग प्रतीवरच करावे. मूळ ड्राइव्ह लिफाफ्यात सील करून शाखा सचिवाच्या ताब्यात राहावा.

३. वाद किंवा चौकशी पूर्ण संपेपर्यंत मूळ ड्राइव्ह कोणीही पुसू नये.

४. हे ड्राइव्ह वर्षानुवर्षे विजेविना पडून राहू देऊ नयेत. मधूनमधून लावून तपासावेत आणि जुन्या नोंदींची प्रत साध्या हार्ड डिस्कवरही ठेवावी.

आणि प्रशासनाकडे आपली मागणी एकच : कॅबमधले असो वा काउंटरवरचे, जे चित्रण कामगाराविरुद्ध वापरायचे ते अखंड, हॅशसह आणि चार्जशीटबरोबरच त्याच्या हाती पडले पाहिजे. तुकडा दाखवून शिक्षा देण्याचा प्रकार आम्ही चालू देणार नाही.

बंधूंनो, कात्री कोणाच्याही हातात असू शकते. मूळ नोंद मात्र आपल्या हातातून जाता कामा नये.

मूळ नोंद जपा, कामगार जपा !