काचेच्या बरणीतली चारोळी



शहरात उंची किराणा दुकान उघडले की आपल्यात दोन सूर निघतात. एक म्हणतो, शेतमालाचे दिवस पालटले. दुसरा म्हणतो, लुटीचा नवा अड्डा निघाला. दोघेही हिशेब न मांडता बोलतात.

नागपुरात अशाच एका दुकानाच्या उद्घाटनाला आम्ही भामरागडकडचे चार कार्यकर्ते गेलो होतो. फीत कापली गेली, पेढे वाटले गेले. परदेशी चीजच्या शेजारच्या फळीवर काचेच्या बरणीत चारोळी होती. चिठ्ठीवर 'रानातली, नैसर्गिक' एवढेच. कुठल्या रानातली, कोणाच्या हाताने वेचलेली, याचा पत्ता नाही. भाव किलोला हजाराच्या वर.

आता हेमलकशाकडून बघू. १९७३ साली बाबा आमटे यांनी येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. त्या काळी माडिया माणूस बाजारात चारोळी देई आणि बदल्यात मीठ घेई. रानात मीठ नाही, शहरात चारोळी नाही; गरज दोघांचीही. पण भाव ठरवी एकटा व्यापारी, कारण मीठही त्याचे आणि काटाही त्याचाच.

मिठाच्या जागी नोटा आल्या. काटा कोणाकडे आहे?

केंद्र सरकारने २०२० साली चारोळीच्या कवचासकट बीला किलोमागे १२६ रुपये किमान आधारभूत किंमत जाहीर केली. एक किलो गराला साधारण चार ते पाच किलो बी लागते. म्हणजे ५०४ ते ६३० रुपये. हा भाव खरोखर हातात पडला, तर हजारातला निम्मा वाटा वेचणारीचा होतो. कागदावर हिशेब वाईट नाही. पण खरेदी केंद्र दूर, घरात तेल-मिठाची आजची नड, पुढे पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद. अशा माणसाला भाव विचारायची सवड नसते. घाई इतकी की फळ पिकायच्या आधीच फांद्या ओरबाडल्या जातात. माल हलका, झाडाचीही हानी.

बाकीचा पैसा सगळा दुकानदाराच्या खिशात जातो, असे समजू नका. गोदरेज यांनी २००५ साली मुंबईत नेचर्स बास्केट काढले. तोट्यातली ती साखळी त्यांनी २०१९ साली स्पेन्सर्सला विकली. जागेचे भाडे, वीज, नासाडी, वाहतूक यांतच बराच पैसा जातो. तेव्हा दुकानावर दगड मारून आपल्या पदरात काही पडणार नाही. फोडणे, निवडणे, साठवणे ही कामे जो करील, त्याचा वाटा वाढेल.

ही कामे आपल्याला जमणारी आहेत. चारोळीच्या गरात निम्म्याच्या आसपास तेल असते, म्हणून फोडलेला गर लवकर खवट होतो. कवचातली बी नीट वाळवून कोरडी ठेवली तर टिकते. मग चैत्र-वैशाखात वेचलेला माल सणासुदीच्या मागणीपर्यंत का धरू नये? फोडणीचे यंत्र शहरातच कशाला हवे?

हे होऊ शकते याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. मेंढा-लेखाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ साली बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती घेतला. मोहफुलांचा साठा आणि वाहतूक यांवरचे निर्बंध राज्य सरकारने २०२१ साली उठवले. त्याच वर्षी शेजारच्या छत्तीसगडची वाळवलेली मोहफुले जहाजाने फ्रान्सला गेली. पायातली बेडी निघाली की माल चालू लागतो. सरकारने कृपा करावी लागत नाही.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आमच्या तीन सूचना आहेत. ग्रामसभांनी एकत्र येऊन कोरडे गोदाम आणि फोडणीचे यंत्र उभारावे. माल ठेवताना वेचणारीला त्याच दिवशी उचल मिळावी. उचल नसेल तर गोदाम रिकामेच राहील. आणि विक्री बरणीवर ग्रामसभेचे नाव घालूनच व्हावी.

दुकाने खुशाल उघडोत. आपला काटा आपल्या हाती असला, तर त्यांच्याशी सौदा करायला आपण तयार आहोत.