पांढरपेशा आणि बुद्धिजीवी

कोशकार तटस्थ असतो, ही समजूत भाबडी आहे. व्लादिमिर दाल यांच्या रशियन कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत (१८८०-८२) ‘इंटेलिजेंत्सिया’ म्हणजे समाजातील सुशिक्षित, बौद्धिकदृष्ट्या विकसित वर्ग. उशाकोव यांच्या कोशात (१९३५-४०) त्या वर्गातील व्यक्तीला दुसरा, तुच्छतादर्शक अर्थही चिकटला : इच्छाशक्ती नसलेला, दोलायमान, संशयग्रस्त माणूस. मध्यंतरी एक क्रांती होऊन गेली होती, एवढेच!

मराठीने हा वर्ग ओळखला तो बुद्धीपेक्षा कपड्यांवरून. ‘पांढरपेशा’ हा शब्द त्याची साक्ष देतो. ‘बुद्धिजीवी’ म्हणताना तर ‘श्रमजीवी’ला बुद्धी नाही, हे जणू गृहीतच धरले जाते. बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात हे गृहीत कसे टिकावे? तिथीवरून उधाण आणि भांग ओळखून खाडीत जाळे टाकणारा कोळी कोणत्या न्यायाने बुद्धिजीवी नव्हे? १९७० साली सिडको स्थापन झाली, नव्या शहराचे आराखडे तज्ज्ञांनी आखले आणि जमिनी भूमिपुत्रांच्या गेल्या. त्यांच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरात झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचा बळी घेतला. त्या आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील वकील होते, म्हणजे रूढ अर्थाने पांढरपेशेच. उशाकोव यांची व्याख्या मात्र त्यांना लागू करता येत नाही.